डाव्या पायाची एक सपात

ऑल्डर क्रीक,
सरकारी मदतीचा चेक येतो त्या बुधवारआधीचा रविवार

ती. दार्काताईस,

धाकट्या ओरेस्टचा साष्टांग नमस्कार. (आठांतलं एक अंग गुडघ्याखाली लाकडाच्या गिरणीतच राहिलं, तेवढी सूट धर.) तुझं पत्र आणि बिटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या पोचल्या. बरण्या फुटल्या नाहीत याचं श्रेय तू त्यांना गुंडाळलेल्या मायरन दाजींच्या जुन्या स्वेटरला. स्वेटर मला घट्ट होतो, तरी घालून बसलोय. दाजींची साखर आता किती येते? तुझ्या गुडघ्यांना ते नवीन मलम लागू पडलं का? तुमच्या सास्काटूनला उणे तीस आहे म्हणतेस, पण ताई, तुमच्याकडे गाडी ठेवायला गरम गॅरेज आहे, तळघरात दोन फ्रीजर आहेत, आणि फ्रीजरातून आज काय काढायचं यावर भांडायला हक्काचा नवरा आहे. एवढं असलं की उणे तीस कुणालाही सोसतं. इथे नोव्हेंबरपासून पाऊस थांबलेला नाही आणि लिफ्ट बंद आहे. बाकी मी मजेत आहे. (हे खोटं आहे, पण पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं.)

पत्राच्या शेवटी तू सहज विचारलंस की सरकारने मदतीचे नियम बदलले असं ऐकलं, मग आता तुझं आणि व्हर्नाचं काय? ताई, तू लहानपणापासून अशीच. आधी लोणचं द्यायचं आणि मग वर्मावर बोट ठेवायचं. दोन ओळींत उत्तर द्यावं असं मनात होतं, पण गेल्या तीन आठवड्यांत इथे जे घडलं ते दोन ओळींत सांगितलं तर तू मला मूर्ख म्हणशील. सगळं सविस्तर सांगितल्यावरही म्हणशील, पण निदान पूर्ण माहितीनिशी म्हणशील.

तू कधी सरकारी मदतीवर राहिली नाहीस (तेही तुझं बरंच आहे), म्हणून आधी जुना नियम सांगतो. माझ्यासारखा पाय गेलेला माणूस आणि व्हर्नासारखी फुप्फुसं गेलेली बाई, दोघांना अपंगांची मदत वेगवेगळी मिळते. पण दोघं नवरा-बायकोसारखी एका छपराखाली तीन महिने राहिली की ऑफिसच्या हिशेबी ती जोडपं. मग दोन मदती बंद आणि जोडप्याची एकच सुरू, जी दोन एकट्यांच्या बेरजेपेक्षा बरीच कमी. सरकारचं म्हणणं असं की प्रेमात पडलेली माणसं कमी खातात. म्हणून गेली आठ वर्षं मी दोनशे आठमध्ये राहतो, व्हर्ना समोरच्या दोनशे सातमध्ये राहते, आणि मधे चार पावलांचा पॅसेज आहे. रोज संध्याकाळी सहाला मी पॅसेज ओलांडून जेवायला जातो आणि नऊला परत येतो. माझं मार्जरीन वेगळं, तिचं वेगळं, दोन्ही डब्यांवर नावं. टूथब्रश माझ्या घरी. दर महिन्याला ऑफिसचा फॉर्म येतो, त्यात एक प्रश्न असतो: तुमच्या घरातल्या माणसांत काही बदल झाला आहे का? आठ वर्षं मी तिथे 'नाही' लिहितोय. माझ्या हाताला तो शब्द इतका बसलाय की डॉक्टरने बरं वाटतं का विचारलं तरी तोंडातून आधी तोच येतो.

आता तुला म्हणून खरं सांगतो. हा नियम मला कधी जाचला नाही. व्हर्ना कधी खिडकीतून बघत म्हणायची, की दोन घरांचे दोन हीटर कशाला, एका घरात भागलं असतं, की मी लगेच सरकारला शिव्या घालायचो. हे मेलं सरकार नसतं तर व्हर्ना, मी तुला कालच्या काल घेऊन गेलो असतो! शिव्या मनापासून घालायचो, टेबलावर मूठसुद्धा आपटायचो. व्हर्ना सूप वाढायची. पहिल्या बायकोने मला सोडलं तेव्हा मला दोन पाय होते. एका पायावर पुन्हा तो जुगार खेळायची माझी छाती नव्हती, आणि छाती नाही हे कबूल करण्यापेक्षा सरकारला शिव्या घालणं सोपं होतं. आठ वर्षं सरकार माझ्या पाठीशी भिंतीसारखं उभं राहिलं, आणि जानेवारीत अचानक बाजूला झालं.

कपडे धुवायच्या खोलीत, मशीनच्या वर, कुणीतरी नोटीस चिकटवली. तीन महिन्यांचे आता बारा केले. म्हणजे दोघांनी एक वर्ष एकत्र राहून बघावं, तोवर दोघांची मदत वेगवेगळी चालू. जोडपं धरायचं ते वर्ष उलटल्यावर. बिल्डिंगमध्ये आनंदीआनंद झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी तर त्याच दिवशी पलंग हलवला. (पलंग हलवल्याचा आवाज माझ्या डोक्यावरच झाला. माणसाने आनंद जरा हळू करावा.) मी माझे पायजमे मशीनमधून काढले, ओलेच पिशवीत भरले आणि ती नोटीस वाचलीच नाही असं ठरवून वर आलो. पण व्हर्ना पूर्वी शाळेच्या ऑफिसात कारकून होती. बिल्डिंगमधला प्रत्येक सरकारी कागद समजून घ्यायला आणि भरून घ्यायला लोक तिच्याकडे येतात. नोटीस लागली त्या दुपारी तिच्या दारात सहा माणसं उभी होती. त्यातला सहावा डेल्बर्ट फोसम.

या डेल्बर्टबद्दल मी तुला आधी लिहिलं नाही, कारण त्याचं नाव लिहिताना माझं पेन अडकतं. मागच्या उन्हाळ्यात तळमजल्यावर राहायला आला. विधुर आहे. हात कापतात, म्हणून मदत मिळते, आणि ती पहिल्या अर्जात मिळाली. पहिल्या, ताई! मला तीन अर्ज करावे लागले. प्रकृती पुढची दोन वर्षं अशीच राहील का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि आमच्या डॉक्टरला लिहून द्यावं लागलं की पाय परत फुटण्याची शक्यता त्यांना कमी वाटते. डेल्बर्टकडे बॅटरीवर चालणारी गाडी आहे, तिला छप्पर आहे, कपासाठी खाच आहे आणि मागे छोटा झेंडा आहे. माझ्याकडे कुबडी आहे आणि तिला खालून रबर आहे. त्याचे केस आहेत. एवढंच असतं तर मी पोटात घातलं असतं, पण दर शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मांसाची सोडत असते ना, तिथे मी बारा वर्षं तिकीट घेतोय आणि आजवर एकदाच सॉसेजचं पाकीट लागलं, तेही दोघांत वाटून. हा गृहस्थ आला आणि ओळीने तीन शनिवार जिंकला. एकदा डुकराचे चॉप्स, एकदा अख्खी कोंबडी, एकदा बेकन. आणि जिंकलेला माल घेऊन तो घरी जात नाही, दोनशे सातमध्ये येतो. व्हर्ना फॉर्म भरून देते म्हणून तिचे आभार मानायला. मीही सात वर्षांपूर्वी तिला एक ट्राउट मासा आणून दिला होता, पण तो कुणाच्या लक्षात आहे?

फॉर्म भरून झाला की हा जात नाही. पत्ते काढून क्रिबेज खेळतो. त्याचे हात कापतात, म्हणून गुण मोजायच्या बोर्डावरची त्याची खुंटी व्हर्ना हलवते. तू डोळ्यांपुढे आण. त्याची खुंटी, तिची बोटं. मी समोर बसून सूप पितोय. माझे हात ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी खुंटी मलाच हलवावी लागते. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की गिरणीतला तो ओंडका पायाऐवजी हातावर आला असता तर बरं झालं असतं.

मग तो सूपचा दिवस आला. वाटाण्याचं सूप, त्यात हॅमचं हाड. व्हर्ना माझ्या समोर बसली, चमचा खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डेल्बर्ट म्हणत होता, आता बारा महिने मिळतात. त्याच्याकडे खोली रिकामी आहे. वर्षभर राहून बघायला काय हरकत आहे, म्हणाला." आणि माझ्याकडे बघत राहिली. ताई, तिने उत्तर मागितलं नव्हतं, तिने जागा करून दिली होती. एवढी मोठी जागा की त्यात माझ्यासारखे चार जण बसले असते. मी पाव सूपमध्ये बुडवला, खाल्ला, आणि म्हणालो, "सूप आज जरा खारट झालंय."

व्हर्नाने वाडगा उचलला आणि सिंकमध्ये ओतला. माझा, अर्धा भरलेला. मी त्या रात्री साडेसातलाच घरी आलो.

आता पुढचं वाचताना दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. तीन रात्री मी डेल्बर्टच्या रिकाम्या खोलीचा विचार करत काढल्या. चौथ्या दिवशी सकाळी मला सुचलं, की ही नियमाची भानगड आहे, तर नियमानेच मोडावी. ऑफिसचा एक तक्रारीचा नंबर आहे. नाव न सांगता फोन करता येतो. 'कुणी खोटी माहिती देऊन मदत घेत असेल तर कळवा,' असं कपड्यांच्या खोलीतच दुसऱ्या भिंतीवर लावलंय. मी म्हटलं, डेल्बर्ट आधीपासूनच व्हर्नाकडे राहतोय असं कळवावं. ऑफिसचा माणूस येईल, डेल्बर्ट घाबरेल, खोली रिकामीच राहील. व्हर्नाला काही होणार नाही, कारण खरंच काही नाही. इतका साधा बेत होता. मी आवाज जाड करण्यासाठी तोंडात एक बिटाची फोड धरली (तुझ्याच लोणच्यातली) आणि नंबर लावला.

तिकडची मुलगी फार आस्थेने बोलत होती. तिने विचारलं, तो माणूस तिथे राहतो हे तुम्ही कशावरून म्हणता? आता आली का पंचाईत! डेल्बर्ट तिथे येतो, चॉप्स देतो, खुंटी हलवून घेतो, यापलीकडे मला काय माहीत? त्यावरून कुणी राहतो असं ठरत नाही. आणि मला सपशेल खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. आईच्या हातचा लाटण्याचा मार आठवतो. म्हणून मी ठरवलं, की माहिती सगळी खरी द्यायची, फक्त माणूस बदलायचा. मी म्हणालो, रोज संध्याकाळी सहाला येतो. खिडकीजवळची हिरवी खुर्ची त्याची, तिथे दुसरं कुणी बसत नाही. सूपमध्ये पाव बुडवून खातो आणि कडा बशीत ठेवतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या न्हाणीघराचा नळ त्याने बसवला. खोकला वाढला की तिची औषधं तोच आणतो. मुलगी टाइप करत होती आणि मला त्या टकटकीचा जोर चढत होता. तिने विचारलं, त्याच्या काही वस्तू तिथे असतात का? मी म्हटलं, असतात तर! खुर्चीखाली त्याची सपात असते. ती म्हणाली, सपाता. मी म्हणालो, नाही, एकच. डाव्या पायाची.

फोन ठेवल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम खाली जाऊन डेल्बर्टच्या गाडीच्या छपरावरून हात फिरवून आलो. छप्पर कापडी आहे. मी ते पत्र्याचं समजत होतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी ग्रेवाल बाई आल्या. ऑफिसकडून आमच्या भागाला त्याच आहेत. बाई शांत, कामाला चोख, आणि बूट दाराबाहेर काढून येणाऱ्या. तेव्हा दोनशे सातमध्ये कोण कोण होतं बघ. टेबलाशी व्हर्ना, डेल्बर्टचा घरभाड्याचा कागद भरत. समोर डेल्बर्ट. आणि खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीत मी. खारट सूपनंतर जेवणं बंद होती, पण डेल्बर्ट वर आला की मला साखर लागायची आणि मी वाटी घेऊन जायचो. मंगळवारी वाटी मांडीवर होती आणि नकली पाय काढून भिंतीशी टेकवलेला होता. हे मुद्दाम सांगतो. ताई, मी तुझ्यासमोरसुद्धा पाय काढून बसत नाही. गेल्या नाताळात तुझ्याकडे अकरा दिवस रात्री दार लावल्यावरच काढला. पाय काढलेला मी कसा दिसतो, हे डॉक्टर सोडून एकाच माणसाने बघितलंय, आणि बघून तिने फक्त एवढंच विचारलं होतं की थंडी वाजते का, पांघरूण देऊ का. त्या दिवशी रागारागात गेलो तरी तिथे बसल्यावर हात आपोआप पट्ट्यांकडे गेला. डेल्बर्ट समोर असतानाही.

ग्रेवाल बाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, तक्रार आली आहे, वाचून दाखवणं माझं काम आहे. आणि वाचायला लागल्या. फोसम नावाचे गृहस्थ रोज संध्याकाळी सहाला येतात. डेल्बर्ट म्हणाला, मी साडेसहाला झोपतो. हिरव्या खुर्चीत बसतात. सगळ्यांनी हिरव्या खुर्चीकडे बघितलं. सूपमध्ये पाव बुडवून खातात, कडा बशीत ठेवतात. डेल्बर्ट म्हणाला, मला गहू चालत नाही, बाई, पोटाला त्रास होतो, तुमच्याच ऑफिसने त्याचा वेगळा भत्ता दिलाय. (वेगळा भत्ता! हे मला तिथे कळलं. जखमेवर मीठ.) न्हाणीघरातला नळ बसवला. डेल्बर्टने आपले कापणारे हात वर करून दाखवले. मग ग्रेवाल बाई थांबल्या, कागद जरा जवळ धरला आणि वाचलं: खुर्चीखाली त्यांची डाव्या पायाची एक सपात असते.

बाई वाकल्या. खुर्चीखाली सपात होती. त्यांनी डेल्बर्टच्या दोन पायांकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या माझ्या नकली पायाकडे, मग माझ्या उरलेल्या डाव्या पायाकडे. मी म्हणालो, "मी साखर मागायला आलो होतो." आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण एकुलत्या एका पायावर नेम धरून पाडणारा तुझा भाऊ पहिलाच असेल.

व्हर्नाने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता ओरडेल, पण तिचा आवाज चढला नाही. "बाई," ती म्हणाली, "नाव तेवढं चुकलंय, बाकी सगळं बरोबर आहे. आणि कडा बशीत ठेवतो हे त्या खुर्चीत बसणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, त्यामुळे फोन कुणी केला तेही लिहून घ्या." डेल्बर्ट माझ्याकडे बघून म्हणाला, "अहो, मला सांगायचं होतं ना. मी दुसरी खुर्ची आणली असती." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मला तो त्या क्षणी आणखी नावडला.

ग्रेवाल बाई समजूतदारपणे म्हणाल्या, समोरासमोर राहून रोज जेवायला येणं हा काही गुन्हा नाही. पण विचारावं लागतं. तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखी आहात का?

"आठ वर्षं मी तेच विचारतेय," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही विचारून बघा. सरकारला तरी उत्तर देईल."

त्यांनी मला विचारलं. ताई, मी तोंड उघडलं आणि आतून काय आलं सांगू? "आमचे पत्ते वेगळे आहेत."

व्हर्ना उठली. खुर्चीखालची सपात तिने उचलली, ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या मांडीवरच्या वाटीत ठेवली. मग मला पाय लावायला मदत केली नाही. दर वेळी वरचा पट्टा तीच ओढते, मला मागे हात पोचत नाही. तिघं बघत असताना मी तो एकट्याने ओढला आणि चार पावलांचा पॅसेज ओलांडून घरी आलो. मागे दार लागल्याचा आवाज आला. जोरात आपटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्याला आज पाच दिवस झाले. सपात माझ्या खुर्चीखाली आहे, पण मी पाय काढतच नाही. एकट्याने काढून बसलं की नुसतं अपंग वाटतं. समोरून क्रिबेजचा आवाज येतो का म्हणून दाराला कान लावतो. येत नाही. तिचा खोकला येतो. औषध संपलं असणार, शुक्रवारी संपतं. डेल्बर्टने आणलं असेल, त्याच्याकडे छपराची गाडी आहे, पावसात जाता येतं. आणलं नसेल तर मला त्याचा राग येतो आणि आणलं असेल तर जास्त येतो. या वयात इतकं जळणं प्रकृतीला चांगलं नाही, पण प्रकृतीचं काय करायचं ते ऑफिसने ठरवूनच टाकलंय.

तर ताई, हे असं आहे. दाजींना माझा नमस्कार आणि त्यांच्या साखरेला आळा बसो. तुमच्या दोन फ्रीजरांना, गरम गॅरेजला आणि एकाच छपराखालच्या एकेचाळीस वर्षांना माझ्याकडून दृष्ट न लागो. मी माझ्याकडून प्रयत्न करतोय.

तुझा,
ओरेस्ट

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तक्रार लेखी नोंदली आहे म्हणून ऑफिसला उत्तरही लेखी हवं. ग्रेवाल बाईंनी दोन मार्ग दिलेत. एक तर बाहेरच्या कुणीतरी, ओळखीच्या माणसाने, लिहून द्यायचं की ओरेस्ट ह्रिंचुक एकटाच राहतो, त्याचा आणि दोनशे सातचा संबंध शेजारधर्मापुरता आहे. किंवा आम्ही दोघांनी फॉर्म भरून कळवायचं की आम्ही एकत्र आहोत, आणि कधीपासून ते. दुसऱ्याचा प्रश्नच नाही. तरी तू थोरली बहीण म्हणून चार ओळी लिहून पाठव. महिनाअखेरीच्या आत पोचायला हव्यात, तेव्हा पत्राने नाही, फॅक्सच्या मशीनने पाठव. अक्षर नीट काढ. 'तो एकटाच राहतो आणि त्याच्याबरोबर कुणी राहीलसं वाटत नाही' असं लिहिलंस तरी चालेल, ते खरंच आहे.

ता. क. दुसरा. (सोमवार.) वरचं रद्द. काही लिहू नकोस. आज सकाळी मी औषधाच्या दुकानात गेलो. लिफ्ट बंद, पाऊस, कुबडी, सगळं धरून दीड तास लागला. दुकानातला म्हणाला, शुक्रवारपासून कुणी नेलं नाही. औषध घेऊन दोनशे सातचं दार वाजवलं. व्हर्नाने उघडलं आणि माझे ओले बूट बघितले. मी तिला तुला मागितलेल्या चार ओळींबद्दल सांगितलं, कारण काहीतरी बोलायचं होतं आणि दुसरं काही सुचेना. ती म्हणाली, "खुशाल मागव. पण ते पत्र ऑफिसात गेलं की मी ते खरं धरीन." आणि म्हणाली, डेल्बर्टला तिने त्याच दिवशी 'नाही' म्हणून सांगितलं होतं, ज्या दिवशी सूप खारट निघालं. तेही मला सांगण्यापूर्वीच. नुसतं बघायचं होतं, म्हणाली, की आठ वर्षांनी तरी सरकारशिवाय दुसरं काही निघतंय का माझ्या तोंडातून. मी उंबऱ्यात उभा होतो. मी विचारलं, बारा महिने संपल्यावर काय करायचं? मग मदत कापतील, हीटर बंद करावा लागेल, तुझं औषध... ती म्हणाली, "बारा महिन्यांत एक तर नियम बदलेल नाहीतर तू. मी नियमाच्या भरवशावर आहे." मग मी आत गेलो आणि तो महिन्याचा फॉर्म मागितला. घरातल्या माणसांत काही बदल? ताई, 'हो' हे अक्षर काढायला इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

ता. क. तिसरा. डेल्बर्टने अभिनंदन म्हणून मांसाचा रोस्ट पाठवलाय. परवाच्या शनिवारी पुन्हा त्याचाच नंबर लागला. चौथ्यांदा! खाल्ला. जरा कडक होता. तरी ती सोडत कोण काढतं याची चौकशी व्हायला हवी असं माझं मत आहे. त्यासाठी कुठला नंबर असला तर दाजींना विचारून कळव.

ता. क. चौथा. (हे अक्षर व्हर्नाचं.) दार्काताई, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला त्याने माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच ठेवून. या बिल्डिंगमधला कागद मी वाचल्याशिवाय बाहेर जात नाही हे त्याला माहीत आहे, त्यामुळे चुकून दिलं असं मी मानत नाही. फॉर्मवर 'कधीपासून' या रकान्यात त्याने पुढच्या महिन्याची पहिली तारीख घातली होती आणि वर बारीक पेन्सिलने 'शक्य झाल्यास' लिहिलं होतं. मी दोन्ही खोडून आजची तारीख घातली. खाडाखोड चालत नाही, म्हणून ग्रेवाल बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, खोडलेल्या जागी दोघांनी सही केली तर चालेल. माझी मी केली. त्याला पेन सापडेना, दोन्ही घरांत शोधून आला, शेवटी मी माझंच दिलं. त्याचा हात फार कापत होता, पण नाव वाचता येतं.